चार स्पोकांची सोय

की-कॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक ओढून झाले की शेवटी ‘बी’ ही एकच कळ दाबायची. तोवर गडद पडद्यावर नुसतं लाल-निळ्या रेघांचं जाळं असतं. कळ दाबली की डोळ्याचं पातं लवायच्या आत बोर्डावरची सगळी मोकळी जागा तांब्यानं भरून जाते. वाफ्यात पाणी सोडावं आणि त्यानं ढेकळांना वळसे घालत, वाट मिळेल तिथून शिरत पार कोपऱ्यापर्यंत जावं, तसं. दोन ट्रॅकांमधला चिंचोळा बोळ असो की कडेच्या स्क्रूच्या भोकाभोवतीची जागा, कुठे शिरायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. आमच्या धंद्यात याला पोअर म्हणतात. ‘पोअर मारला का?’ असं कुणी विचारलं की समजावं, बोर्ड संपत आलाय आणि विचारणाऱ्याला घाई आहे.

इतकी वर्षं हेच काम करूनही ती कळ दाबायला मला अजून आवडतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी पोअरबद्दल थोडं वाईटही बोलणार आहे.

यामागचा नियम अगदी साधा. बोर्डाच्या कडेकडेनं एक चौकट, म्हणजे झोन, आखायची आणि तिला नाव द्यायचं. बहुतेक वेळा ‘जीएनडी’, म्हणजे ग्राउंड. ज्या पॅडाचं, म्हणजे भागाचा पाय झाळायच्या जागेचं, नावही जीएनडी, त्याला तांबं जाऊन भिडतं. ज्याचं नाव दुसरं, त्याच्यापासून ते ठरलेलं अंतर राखून थांबतं. आपण काही बदललं नाही तर हे अंतर अर्धा मिलिमीटर. जर्मनीत १९८८ साली निघालेल्या ईगलमध्येही असंच होतं, फक्त तिथे फाइल बंद करून पुन्हा उघडली की भरलेलं तांबं गायब आणि नुसती तुटक कड शिल्लक. ‘रॅट्सनेस्ट’ची आज्ञा दिली की सगळं जागच्या जागी परत. पण ते माहीत होईपर्यंत नव्या पोरांची गाळण उडायची.

तांबं असं पसरायचं तरी कशाला? सगळ्यांत जुनं कारण काटकसरीचं आहे. कोरी शीट मुळात तांब्यानं मढवलेलीच येते. सर्किट करायचं म्हणजे नको ते तांबं खाऊन टाकायचं. कॉलेजात आम्ही हायलमच्या तपकिरी तुकड्यावर परमनंट मार्करनं ट्रॅक रंगवायचो, मार्कर वाळला तर कुणाच्या तरी नेलपॉलिशनं, आणि तुकडा फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये टाकून ट्रे हलवत बसायचो. रंगाखालचं तांबं वाचायचं, उघडं विरघळायचं. बोटं पिवळी, शर्टाच्या बाहीवर कायमचे डाग. जितकं जास्त तांबं खायला लावू तितका वेळ जास्त आणि रसायन तितकं लवकर मरणार. म्हणून जिथे काही नाही ती जागा सरळ रंगवून टाकायची. पोअर हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेलाही नव्हता.

खरं कारण नंतर समजतं. वीज जितकी जाते तितकी तिला परतही यावं लागतं. सर्किटच्या आकृतीत ग्राउंडची तीन आडव्या रेघांची खूण काढली की परतीचा विषय संपला असं वाटतं. बोर्डावर मात्र तो तिथूनच सुरू होतो. प्रवाह सावकाश बदलणारा असेल तर तो कमी रोधाची वाट धरून तांबंभर पसरत येतो. वारंवारता वाढली की तो ज्या ट्रॅकवरून गेला त्याच्या बरोबर खालून, त्याला चिकटून परततो, कारण तसं केलं की जाण्यायेण्याचा फेरा सर्वांत लहान राहतो. खालच्या तांब्यात कुणी आडवा ट्रॅक घालून चीर पाडली की परतणाऱ्याला लांबचा वळसा पडतो, आणि तो वळसा अँटेनाचं काम करायला लागतो. मग शेजारचा रेडिओ खरखरतो, किंवा ईएमआय, म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या, चाचणीत बोर्ड नापास होऊन परत येतो. म्हणून पोअर हा रस्ता आहे, हे नव्या माणसाला मी पहिल्या आठवड्यात सांगते. तो तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला रंगकामच समजत असतो.

आता वाईट. पोअर पापं झाकतो. एकदा बोर्ड तांब्यानं भरला की तो पूर्ण झाल्यासारखा दिसतो, आणि सॉफ्टवेअरही तसंच म्हणतं: जोडायचं राहिलेलं काही नाही. पण सॉफ्टवेअरच्या लेखी दोनच अवस्था, जोडलेलं आणि न जोडलेलं. बोर्डाच्या डाव्या अर्ध्यातलं ग्राउंड उजव्या अर्ध्याला पाव मिलिमीटरच्या एका गळ्यातून जाऊन मिळालं, तरी त्याच्या हिशेबी ते जोडलेलंच. त्या गळ्यातून मोटरचे तीन अँपिअर जाणार आहेत याची त्याला गंधवार्ता नसते. कुठे तांब्याचा तुकडा चहूकडून तुटून बेटासारखा एकटा पडतो. तो ठेवायचा की पुसायचा हे झोनच्या मांडणीत आपण ठरवू शकतो, आणि मी तो पुसतेच. पण चिंचोळ्या गळ्याची तपासणी आपण मुद्दाम लावली नाही तर होत नाही. मग तो डोळ्यानंच शोधावा लागतो, आणि भरलेल्या लाल रंगात तो पटकन दिसत नाही.

जोडलेलं म्हणजे किती जोडलेलं, हा प्रश्न सर्वांत धारदार होतो तो पॅडापाशी.

ग्राउंडच्या एखाद्या पॅडावर झूम करून पाहा. मधे भोक, भोकाभोवती तांब्याचं कडं. त्या कड्याला बाहेरचा पोअर चहूबाजूंनी भिडलेला असायला हवा, नावं एकच आहेत ना? पण तो भिडलेला नसतो. कड्याभोवती अर्ध्या मिलिमीटरची गोल फट असते आणि ती ओलांडून तेवढ्याच रुंदीचे चार स्पोक पॅडापर्यंत आलेले असतात, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे. याला थर्मल रिलीफ म्हणतात. की-कॅडमध्ये झोनच्या चौकटीवर दोनदा क्लिक केलं की पर्याय दिसतात: सॉलिड, म्हणजे पूर्ण भिडलेलं, थर्मल रिलीफ, फक्त भोकाच्या पॅडांना रिलीफ, आणि काहीच नाही. आपण हात लावला नाही तर स्पोक मिळतात. हे सॉफ्टवेअर ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतलं. ते फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या तंत्रसंस्थेत शिकवत. पुढे २०१३ पासून जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेनंही त्यात माणसं आणि पैसा घातला. शिकवणाऱ्या माणसानं सुरू केलेल्या गोष्टीत न मागता स्पोक मिळावेत, हे मला साजेसं वाटतं.

स्पोक कशासाठी हे पुस्तकातून एका ओळीत कळतं. मला ते पटलं बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून जवळच एका दुरुस्तीच्या दुकानात. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे एक स्टूल आणि छतापर्यंत गेलेली बोर्डांची चळत. तिथले काका कुठल्याशा पॉवर सप्लायचा कपॅसिटर बदलत होते. कपॅसिटर फुगलेला होता, नेहमीचंच दुखणं. बोर्ड उलटा धरून त्यांनी प्लसच्या पायाला सोल्डरिंग आयर्नची बिट टेकवली. क्षणभरात सोल्डर चकाकलं, सोल्डर शोषायच्या पंपाचा ‘टक्’ असा आवाज, भोक साफ. मग मायनस. बिट टेकवली, जिथे टेकली तेवढीच जागा चकाकली, शेजारी सगळं करडं आणि घट्ट. पंप मारला तर वरची साय तेवढी निघाली. त्यांनी थोडं ताजं शिशाचं सोल्डर वर घातलं, म्हणजे जुनं जरा लवकर वितळतं, राळेचा धूर निघाला, पुन्हा बिट धरली. पाय हलेना. शेवटी दुसरी सोल्डरिंग आयर्न आणली आणि दोन्ही बाजूंनी एकदम धरली. पाय निघाला, पण एकटा नाही. पॅडाचं कडं आणि भोकातली तांब्याची नळी त्याच्याबरोबर बाहेर आली.

‘ताई, प्लस लगेच सुटतो,’ काका म्हणाले. ‘हा मायनस म्हणजे डोक्याला ताप. फुलीवाला असला तर बरं असतं. हा ज्यानं काढलाय ना, त्याला एकदा इथं आणून बसवा.’

फुलीवाला म्हणजे स्पोकवाला. मी भिंग मागून घेतलं. पॅडाभोवती फट नव्हती, तांबं सपाट भिडलेलं होतं. कुणीतरी सॉलिडवर क्लिक केलं होतं, किंवा ‘ग्राउंड मजबूत असावं’ असं कुठेतरी वाचलं होतं. बोर्ड कुणाचा ते इथे सांगायची गरज नाही. असे बोर्ड सगळ्यांचेच असतात.

तांबं उष्णता वाहून नेण्यात बोर्डाच्या फायबरग्लासपेक्षा हजारपटीनं पुढे आहे. नेहमीच्या बोर्डावर त्याचा थर जेमतेम ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक, पण पसारा मोठा. पॅड त्या पसाऱ्याला भिडलं की बिट जितकी उष्णता ओतते तितकी ती चहूकडे निघून जाते, आणि पॅड सोल्डर वितळण्याइतकं तापतच नाही. चार थरांच्या बोर्डात आतली ग्राउंडची आख्खी पातळीही त्याच भोकाला येऊन मिळते, मग विचारायलाच नको. जुनं शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. १ जुलै २००६ पासून युरोपनं बहुतेक वस्तूंमधलं शिसं बंद केलं, आणि त्यानंतर सगळीकडे पसरलेलं कथिल-चांदी-तांब्याचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. पर्यावरणासाठी ते बरोबरच झालं. पण काकांच्या मनगटावर वरचे चौतीस अंश आले ते आले.

यात एक गंमत आहे. वीज तर हवी, उष्णता मात्र नको, असं तांब्याला सांगता येत नाही. १८५३ साली गुस्टाव्ह वीडेमान आणि रुडॉल्फ फ्रांझ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की धातूंचं या दोन्ही बाबतींतलं कौशल्य हातात हात घालून चालतं. जो एक चांगलं नेतो तो दुसरंही नेतो. इलेक्ट्रॉनच दोन्ही ओझी वाहतात, हे त्यामागचं कारण बरंच नंतर उमगलं. म्हणजे गाळणी शक्य नाही. मग स्पोक नेमकं करतात काय? ते दोन्ही वाटा सारख्याच अरुंद करतात, आणि डाव साधतो तो दोघांच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे. ३५ मायक्रॉन तांब्याचा कुठलाही चौरस घ्या, लहान वा मोठा, त्याचा रोध साधारण अर्धा मिलिओहम. अर्धा मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद स्पोक म्हणजे असा एक चौरस. चार स्पोक मिळून एक अष्टमांश मिलिओहम. कपॅसिटरच्या स्वतःच्या अंगचाच रोध याच्या कित्येक पट असतो, त्यामुळे वीज या अरुंदपणाकडे ढुंकूनही बघत नाही. उष्णतेला मात्र त्याच चार अरुंद वाटा अडवतात, निदान सोल्डर वितळून पाय सुटेपर्यंत. तेवढंच हवं असतं.

आणि म्हणूनच हा स्पोक मला बोर्डावरच्या इतर सगळ्या रेघांहून वेगळा वाटतो. बाकी प्रत्येक रेघ सर्किटासाठी असते. स्पोक सर्किटाला काही देत नाही. विजेच्या हिशेबानं बघितलं तर सॉलिडच जास्त चांगलं. स्पोक असतो तो सोल्डरिंग आयर्न धरणाऱ्या माणसासाठी: कारखान्यात पाय झाळणाऱ्या मुलीसाठी आणि पाच वर्षांनी बुधवार पेठेत तो काढणाऱ्या काकांसाठी. पडद्यापुढे बसलेल्या माणसानं न पाहिलेल्या हाताची केलेली ही सोय आहे.

ती आजची नाही. बोर्डाचे कारखाने ज्या फाइलवर चालतात ती गर्बर फाइल. हे नाव जोसेफ गर्बर यांचं. ते मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत पोचले आणि तिथे त्यांनी आलेखन-यंत्रांचा उद्योग उभारला. या फाइलच्या भाषेत नवा आकार रचायचा तर मूळ आकारांची यादी अगदी आखूड आहे: वर्तुळ, रेघ, बहुकोन असे मोजकेच. त्या यादीत ७ हा आकडा दिलाय थर्मलला, म्हणजे चार ठिकाणी कापलेल्या कड्याला. मोआरे नावाचं यादीतलं एक जुनं नक्षीदार चिन्ह अलीकडे बाद ठरवलं गेलं, थर्मल राहिला. वर्तुळ आणि रेघेच्या पंगतीत फुलीवाल्याला पान मांडलं गेलं, यावरून कारखान्यात त्याची नड किती होती ते दिसतं.

मात्र स्पोकांची भक्ती करून चालत नाही. मॉस्फेटच्या, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टरच्या, पाठीचं पॅड तांब्याला पूर्ण भिडलेलंच हवं. तिथे उष्णता निघून जाणं हाच उद्देश, ती अडवली तर मॉस्फेट जळेल. रेडिओ वारंवारतेच्या ग्राउंडलाही स्पोक नकोत, कारण त्या वेगाला अर्ध्या मिलिमीटरची बारीक वाटही अंगावर येते. चिपच्या पोटाखालच्या पॅडाचं तेच. सरफेस माउंटचे भाग भट्टीतून जातात, तिथे आख्खा बोर्डच तापतो, म्हणून त्यांना स्पोक लागत नाहीत असं पुष्कळ जण सांगतात. हे अर्धंच खरं. तिळाएवढा रेझिस्टर घ्या. त्याचं एक टोक पोअरला सपाट भिडलेलं आणि दुसरं बारीक ट्रॅकवर असेल, तर ट्रॅककडचं सोल्डर आधी वितळतं, त्याचा पृष्ठताण त्या टोकाला खेचतो आणि रेझिस्टर एका पायावर ताठ उभा राहतो. भट्टीतून निघालेल्या बोर्डावर असे उभे राहिलेले तीळ भिंगातून बघताना आधी हसू येतं. मग आपल्याला असे किती बोर्ड पाठवायचेत ते आठवतं.

दुसरं दुखणं उपाशी स्पोकांचं. आपण चार मागितले, पण शेजारून दुसरा ट्रॅक गेला, पलीकडे थर जोडणारा व्हाया आला, आणि पॅडापर्यंत एकच स्पोक कसाबसा पोचला. अलीकडची की-कॅड डीआरसीत, म्हणजे नियमांच्या तपासणीत, हे पकडते: दोनपेक्षा कमी स्पोक मिळाले की पॅडावर बाण येतो आणि थर्मल जोडणी अपुरी असल्याची तक्रार होते. हा बाण पुष्कळ जण ‘दुर्लक्ष करा’ म्हणून घालवतात. माझं मत विचाराल तर डीआरसीच्या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत समंजस आहे. आधी म्हटलं ना, सॉफ्टवेअरला जोडलेलं आणि न जोडलेलं एवढंच कळतं. इथे निदान ते ‘जोडलंय, पण पुरेसं नाही’ असं म्हणायला शिकलंय. शिकलेल्याला गप्प बसवू नये.

बोर्ड काढणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. गर्बर फाइली पाठवण्याआधी ‘बी’ दाबा, आणि मग सगळा पोअर न्याहाळत बसू नका. जे भाग आधी मरतात त्यांचे ग्राउंडचे पाय तेवढे बघा: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, डीसी जॅक, रिले, वायरीचं टर्मिनल. त्यांना फुली ठेवा. टर्मिनलमधून जास्त प्रवाह जाणार असेल तर स्पोक जाड करा, पण पुसू नका. मॉस्फेटला सॉलिड द्या. हे पॅडागणिक वेगळं करता येतं. पॅडाच्या गुणधर्मांत तो पर्याय आहे आणि तिथवर जायला दोन क्लिक लागतात. कारखाना बोर्डाच्या आकाराचे, थरांचे, भोकांचे पैसे लावतो. स्पोकांचे लावत नाही.